इयत्ता नव्हे, पायरी



शाळांसाठी निधी जमवायला निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "चार कॉम्प्युटर घेऊन देऊ या की!" हेतू चांगलाच असतो. पण मूल वाचायला कशाने शिकतं यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच संशोधन झालंय, आणि त्यातला एक महत्त्वाचा धडा आपल्या मुंबईतला आहे.

१९९५ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम' ही संस्था सुरू केली. तिसरी-चौथीतली कितीतरी मुलं रोज शाळेत येत, पण त्यांना पहिलीचा धडाही वाचता येत नसे. यावर 'बालसखी'चा उपाय होता. वस्तीतलीच शिकलेली एखादी मुलगी मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात हे तपासून पाहिलं. मार्क वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा कच्च्या मुलांना झाला. (या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं.)

आणि कॉम्प्युटर? बडोद्याच्या शाळांत सरकारने दिलेले कॉम्प्युटर बहुतेक न वापरता पडून होते. त्यावर गणिताचे खेळ दिले तेव्हा गणित सुधारलं, कारण खेळ मुलाला जमेल तसे अवघड होत जात. बालसखीचा खर्च मात्र त्याहून कितीतरी कमी होता.

पुढे बिहार आणि उत्तराखंडमध्ये असं दिसलं, की शिक्षकांना नुसतं साहित्य आणि ट्रेनिंग देऊन रोजच्या वर्गात फारसा फरक पडत नाही. शिक्षक शेवटी 'पोर्शन' संपवण्याच्याच मागे लागतात. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोज एक तास वेगळा काढला, वर देखरेख ठेवली, तेव्हा वाचन सुधारलं.

वर्गात हे करायचं कसं?

१. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा. अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. जिथे अडेल ती त्याची पायरी.
२. गट वयावरून नाही, पायरीवरून करा.
३. अक्षरवाल्यांना बाराखडीचा तक्ता आणि शब्दांचे खेळ, उताऱ्यावाल्यांना मोठ्याने वाचन आणि गोष्ट सांगणं.
४. काही आठवड्यांनी परत तपासा आणि पुढच्या गटात हलवा.

आता माझी स्वतःची चूक सांगते. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मी वयावरूनच वर्ग लावायचे. अकरा वर्षांचा एक मुलगा कायम मागे गप्प बसायचा. मला वाटायचं, लाजाळू आहे. एकदा जवळ घेऊन बसले तर त्याला 'क' आणि 'फ' वेगळे ओळखता येईनात! तीन वर्षं मी त्याला कविता पाठ करायला देत होते. छोट्यांत बसायला तो काही तयार होईना. मग अर्धा तास सगळीच मुलं गट बदलतील असं ठरवलं. कोणालाच खाली ढकलल्यासारखं वाटलं नाही. परवा त्याने आजीचं पत्र स्वतः वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत.

म्हणून देणगी देताना वस्तूंबरोबर माणसाच्या वेळेलाही द्या. आणि शाळेला एवढंच विचारा: वर्षाच्या सुरुवातीला किती मुलं गोष्ट वाचत होती, आणि आता किती वाचतात?