आजचं चिंतन : ‘डायव्हल्ज’ आणि गीतेतलं गुह्य (अध्याय १८, श्लोक ६७)



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला एक अट घालतात. ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, ऐकायची इच्छा नाही आणि जो माझी निंदा करतो, त्याला हे ज्ञान सांगू नकोस. आपल्यातले बरेच जण गीता इंग्रजीतूनही वाचतात, म्हणून मी विचार करत होते, की या ‘सांगू नकोस’साठी इंग्रजीत कोणतं क्रियापद चपखल बसेल? ‘टेल’ फारच साधं. मला सुचलं ते ‘डायव्हल्ज’.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘रिव्हील’च्या मुळाशी लॅटिनमधला पडदा आहे. रिव्हील म्हणजे पडदा बाजूला करणं. ‘डिस्क्लोज’ म्हणजे बंद असलेलं उघडणं. हा जरा ऑफिशियल शब्द. नोकरी लागताना आपण ज्या एनडीएवर सही करतो, त्यातला ‘डी’ हाच. आणि ‘डायव्हल्ज’च्या मुळाशी आहे ‘वल्गस’, म्हणजे सामान्य लोक, जनता. खाजगी गोष्ट चारचौघांत नेणं. आपल्याकडे आई म्हणते ना, “कुठे वाच्यता करू नकोस हं!” ती वाच्यता म्हणजे डायव्हल्ज.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, माहिती हे कर्म आणि माणसाआधी ‘टु’ : ‘डायव्हल्ज द सीक्रेट टु समवन’. ‘डायव्हल्ज मी’ किंवा ‘डायव्हल्ज अबाउट’ असं होत नाही. दोन, हा शब्द गुपितालाच शोभतो. उद्याची मीटिंग किती वाजता आहे हे कोणी डायव्हल्ज करत नाही. बातम्यांत तो बहुतेकदा नकारार्थी भेटतो : पोलिसांनी नाव डायव्हल्ज करायला नकार दिला.

आता खरा प्रश्न. ६७व्या श्लोकात ‘सांगू नकोस’, आणि लगेच ६८व्यात भगवंत म्हणतात की जो हे परम गुह्य माझ्या भक्तांना सांगेल तो मलाच येऊन मिळेल. मग सांगायचं की नाही?

मला वाटतं, आधी विचारायचं : गुपित कोणाचं आहे?

रामानुजाचार्यांची कथा आठवा. गुरूंनी गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या मंदिरावर चढून सगळ्यांना ऐकवला. मला नरक मिळाला तरी चालेल, पण एवढे लोक तरतील, ही त्यांची भूमिका. मंत्र भगवंताचा, म्हणजे सगळ्यांचा. आणि नुकसान झालंच तर ते सोसायची तयारी सांगणाऱ्याची स्वतःची होती.

आता उद्योगपर्व. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णाला रथात घेतात आणि सांगतात, तू कुंतीचा मुलगा आहेस. कर्ण विनवतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नका. कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. श्रीकृष्ण ते गुपित सांभाळतात. गीता सांगणारा तोच, आणि गप्प राहणाराही तोच! दहाव्या अध्यायात गुह्यांमध्ये मी मौन आहे असं ते म्हणतात, ते उगाच नाही.

पण कथा इथे संपत नाही. युद्धानंतर, तर्पणाच्या वेळी कुंती सत्य सांगते आणि पांडव कोसळतात. ते गुपित एकट्या कुंतीचं नव्हतं. त्यात सहा मुलांचं आयुष्य गुंतलं होतं. म्हणून मौन प्रत्येक वेळी पुण्यच असतं, असंही नाही.

हे आपल्या रोजच्या जगण्यात येतंच. मैत्रिणीने रात्री दोनला लिहिलेला मेसेज तिचा आहे. त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकणं हे शब्दशः डायव्हल्ज, गोष्ट ‘वल्गस’मध्ये नेणं. मग “मी फक्त एकालाच पाठवला” याला अर्थ उरत नाही. पण तीच मैत्रीण “मला जगायचं नाही, कोणाला सांगू नकोस” म्हणाली तर? तिथे मी गप्प राहणार नाही. तिच्या घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगेन, आणि सांगणार आहे हे तिलाही सांगेन. ती रागावली तरी चालेल. हे चारचौघांत नेणं नव्हे. जो मदत करू शकतो, त्याच्यापुरतंच दार उघडणं आहे.

आजचा अभ्यास : कोणाची गोष्ट ओठांवर आली की तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट कोणाची? ऐकणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे? मी गप्प राहिले तर कोणाचा घात होईल का? उत्तरं मिळेपर्यंत फोन बाजूला ठेवा आणि नाम घ्या.

उद्या ६८वा श्लोक सविस्तर पाहू. राम कृष्ण हरी!