फोन आपला, मग ‘नाही’चं बटण कुठं गेलं?



गटात बसून ठरवायची सवय आपल्याला आता चांगली लागली आहे. कर्ज कुणाला, किती, किती हप्त्यांत, हे दहाजणी बोलून ठरवतो आणि मग इतिवृत्तात लिहितो. ‘आधी वाचून दाखवा, मग अंगठा देते,’ असं साठी ओलांडलेली आजीसुद्धा ठणकावून सांगते. पण त्याच आपण फोन हातात घेतला की समोर येईल त्याला हो म्हणत सुटतो. ‘अनुमती द्या’ आलं, दाबलं. ‘मान्य आहे’ आलं, दाबलं. ‘पुढे’ आलं, दाबलं. एकदाचं काम झालं की सुटलो!

यात आपला दोष थोडाच आहे. बरीचशी अ‍ॅप मुळात बनवलेलीच अशी असतात की आपण न वाचता हो म्हणावं. हे कसं करतात आणि त्यातून आपली निवड परत आपल्या हातात कशी घ्यायची, एवढंच या पाठात बघू. पाठ वाचताना फोन जवळ ठेवा. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना गटातल्या दुसरीनं वाचून दाखवा.

पडद्यावरचा काटा

आठवडी बाजारात काटा मारणारा व्यापारी आपण ओळखतो. वजन करताना बोट कुठं लावतो, तराजू कसा लवकर उचलतो, हे बघून बघून कळलेलं असतं. फोनच्या पडद्यावरही काटा मारतात, फक्त बोट दिसत नाही. ‘हो’चं बटण मोठं, हिरवं, बरोबर अंगठ्याखाली येणारं. ‘नको’ मात्र कोपऱ्यात, बारीक, फिकट राखाडी अक्षरात. कधी कधी ‘नको’ नसतंच, ‘नंतर’ असतं. म्हणजे उद्या परत विचारणार, परवा परत. दहाव्यांदा आपण कंटाळून हो म्हणतो, आणि त्यांना तेच हवं असतं.

हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्लंडमधल्या एका डिझायनरनं २०१० साली अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. आपण फसवी रचना म्हणू. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात अशा रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. तेराही पाठ करायची गरज नाही. आपल्याला रोज भेटणारे चार-पाच कळले तरी पुष्कळ.

एक म्हणजे टोपलीत गुपचूप माल टाकणं. प्रवासाचं तिकीट काढताना विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते. आपण खूण केली नाही, तरी पैसे आपले जातात. दुसरी खोटी घाई: ‘फक्त २ शिल्लक’, ‘५ मिनिटांत ऑफर संपेल’. पाच मिनिटांनी परत उघडून बघा, घड्याळ पुन्हा पाचावरून सुरू झालेलं दिसेल. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त चीड आणतो. नको म्हणायला बटण ठेवतात, पण त्यावर लिहितात, ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’. सासुरवाशिणीला टोमणे काय कमी असतात, की आता फोननंही मारावेत! अशा वेळी टोमणा वाचून वाईट वाटून घ्यायचं नाही, सरळ तेच बटण दाबायचं. कुटुंबाची काळजी कुणाला किती, ते अ‍ॅपला कळत नसतं.

एक रुपयाची वर्गणी

आता जरा महत्त्वाचं. मुलं फोनवर काहीतरी बघायला म्हणून अ‍ॅप घेतात. ‘पहिला महिना फक्त १ रुपया’ असं दिसतं. एक रुपया तर आहे म्हणून आपण यूपीआयचा पिन टाकतो. पण तो पिन नुसता एक रुपया देण्यासाठी नसतो. दर महिन्याला आमच्या खात्यातून पैसे कापा, अशी कायमची परवानगी आपण त्यात देऊन बसतो. याला ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ म्हणतात. पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर यातला एखादा शब्द दिसला, किंवा ‘दरमहा’ असं काही दिसलं, तर तिथंच थांबा. पुढच्या महिन्यापासून १ रुपयाचे २०० किंवा ३०० होतात. बचतीचा महिन्याचा हप्ता १०० रुपये भरताना आपण किती ओढाताण करतो, ते आठवा.

ऑटोपे ही सोय वाईट नाही. विजेचं बिल, विम्याचा हप्ता वेळेवर जातो, दंड बसत नाही. तक्रार एवढीच की चालू करायला एक पिन पुरतो आणि बंद करायला रस्ता सापडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांपर्यंतची अशी रक्कम दर वेळी पिन न विचारता कापता येते. पण कापण्याच्या किमान २४ तास आधी आपल्याला तसा संदेश आला पाहिजे, हाही त्याच नियमाचा भाग आहे. तो संदेश बहुतेक इंग्रजीत येतो आणि आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. यापुढे असं करू नका. बँकेचा संदेश कळला नाही तर मुलीला, सीआरपी ताईला, बँक सखीला दाखवा.

बंद करायचं असेल तर यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये आपल्या नावाच्या किंवा फोटोच्या खुणेवर दाबा. तिथं ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा शब्द शोधा. कुणाकुणाला परवानगी दिली आहे त्याची यादी येते. नको ते उघडून ‘रद्द’ करा. काही ठिकाणी त्यासाठी परत पिन मागतात. प्रत्येक अ‍ॅपमध्ये ही जागा वेगळी असते, म्हणून एकीला सापडली की तिनं बाकीच्यांना दाखवावी. अ‍ॅप नुसतं फोनमधून काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद झालं, असं समजू नका. परवानगी बँकेकडे जिवंत असते.

अपडेट झालं आणि सगळं हललं

आपण शेतावर गेलो, संध्याकाळी घरी आलो, तर कुणीतरी चूल उचलून पडवीत ठेवलेली, मिसळणाचा डबा फडताळातून माळ्यावर गेलेला. वर विचारलं तर म्हणतात, ‘आता स्वयंपाक जास्त सोपा होईल.’ फोनमधलं अपडेट पुष्कळदा असंच असतं.

आपल्यातल्या कितीतरी जणी अक्षर वाचून नाही, तर जागा लक्षात ठेवून फोन चालवतात. खालून दुसरं, निळं चित्र, मग उजवीकडे वर. ही काही कमी हुशारी नाही. महिनाभर धडपडून हे जमवलेलं असतं, आणि एका रात्रीत बटणं इकडची तिकडं होतात. मग ती बाई म्हणते, ‘मला मेलीला काय येत नाही.’ आणि फोन पोराच्या हातात देते. पैशाचा व्यवहारही मग पोराच्याच हातात जातो. एक बटण हलल्यानं बाईच्या हातातला कारभार जातो, म्हणून हा विषय मला छोटा वाटत नाही.

बनवणाऱ्यांनी जुनी पद्धत ठेवून नवी दिली, तर भांडणच नाही. २०१९ साली अँड्रॉइड १० आलं, तेव्हा खालची तीन बटणं काढून बोट सरकवून मागे जायची पद्धत पुढं आणली. पण तीन बटणांची पद्धतही सेटिंगमध्ये शिल्लक ठेवली. तुमच्या फोनमधून ‘मागे’चं बटण गायब झालं असेल, तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या पट्टीत ‘नेव्हिगेशन’ असं लिहा. ‘३ बटण’ असा पर्याय दिसेल, तो निवडा. असंच अक्षर मोठं करायचं असेल तर ‘फॉन्ट’ शोधा. फोनची भाषा मराठी करायची असेल तर ‘भाषा’ शोधा, फोन इंग्रजीत असेल तर ‘लँग्वेज’ कसं लिहायचं ते मुलांना विचारा. या सोयी फोनमध्ये असतात, पण कुणी आपणहून सांगत नाही.

लोकांनी आवाज केला तर मोठ्या कंपन्याही माघार घेतात. कार्यालयातल्या संगणकावर स्टार्टचं बटण असतं, ते मायक्रोसॉफ्टनं २०१२ च्या विंडोज ८ मधून काढून टाकलं होतं. लोक इतके वैतागले की २०१३ मध्ये ८.१ आलं तेव्हा ते बटण परत ठेवावं लागलं. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या खाली अभिप्राय लिहायची जागा असते. तिथं मराठीत लिहिलं तरी चालतं.

मग अपडेट बंदच करून टाकावं का? नाही. बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप जुनं ठेवू नका, कारण अपडेटमध्ये चोरांची भोकं बुजवलेली असतात. बाकीच्या एखाद्या अ‍ॅपचं आपोआप अपडेट मात्र थांबवता येतं. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडून वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि आपोआप अपडेटची खूण काढा. आणि हिशेब भरायच्या किंवा बैठकीच्या दिवशी सकाळी हातानं अपडेट करायला जाऊ नका. बैठक झाल्यावर निवांत करा.

टॉर्चला माहेरचे नंबर कशाला?

उजेडासाठी टॉर्चचं अ‍ॅप घेतलं आणि ते म्हणालं, तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू द्या. द्यायचे का? ज्या कामाला जे लागतं तेवढंच द्यायचं, हा साधा हिशेब. फोटो काढणाऱ्या अ‍ॅपला कॅमेरा द्या, रस्ता दाखवणाऱ्याला ठिकाण द्या. ‘अ‍ॅप वापरताना’ आणि ‘फक्त या वेळी’ असे पर्याय बहुतेक फोनमध्ये येतात, ते वापरा. आधी दिलेली परवानगी काढूनही घेता येते: सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग परवानग्या.

सगळ्यात जास्त सावधपणा झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपपाशी हवा. पाच मिनिटांत पैसे मिळतात खरं, पण नंबरांची परवानगी दिलेली असते. हप्ता चुकला की माहेरी, सासरी, शेजारी फोन जातात. अब्रूच्या भीतीनं बायका एक कर्ज फेडायला दुसरं काढतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच याबाबत नियम घातले आहेत. कर्जाच्या अ‍ॅपला आपले नंबर, कॉलची यादी, फोटो आणि फायली बघायची मुभा नाही. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा आणि ठिकाण एकदा घेता येतं, तेही आपण स्पष्ट हो म्हटल्यावर. म्हणून जे अ‍ॅप नंबर मागतं, ते तिथंच बंद करा. त्याच्या मागं कुठली बँक किंवा परवानाधारक वित्त कंपनी आहे, हे त्यात लिहिलेलं नसेल तरीही बंद करा.

आणखी दोन हक्क लक्षात ठेवा. कर्जाच्या मुख्य बाबींचं एक पत्रक आपल्याला मिळालं पाहिजे, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. आणि अ‍ॅपवरून कर्ज घेतल्यावर विचार बदलला, तर परत करायला किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा आकार भरला की दंड नाही. प्रक्रिया शुल्क आधी सांगितलेलं असेल तर ते मात्र कापू शकतात. आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज किती टक्क्यानं मिळतं, ते या पत्रकाशेजारी ठेवून बघा.

स्मार्टफोन नकोच, साधा फोन बरा, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनीही कमीपणा मानू नये. *९९# लावून इंटरनेटशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, शिल्लक बघता येते. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सेवाही सुरू झाली. आणि अ‍ॅपमध्ये हिशेब भरायला लागलो म्हणून कुणी गटाची वही बंद करू नका. वहीतलं पान अपडेट होऊन हलत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

बचत गोळा झाल्यावर अर्धा तास काढा. दोघी दोघी मिळून एकमेकींच्या फोनमधली ऑटोपेची यादी उघडा, पण पिन आपला आपणच टाका, दुसरीला सांगू नका. किती जणींचे किती रुपये नकळत जात होते, ते इतिवृत्तात लिहा, नावं लिहायची गरज नाही. नंतर प्रत्येकीनं एका अ‍ॅपची एक नको असलेली परवानगी काढून दाखवा. एखाद्या अ‍ॅपनं फसवून पैसे घेतले असं वाटलं, तर त्या पडद्याचा फोटो घ्या (बहुतेक फोनमध्ये चालू-बंदचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की निघतो) आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. खात्यातून पैसे चोरीला गेले असतील, तर तो नंबर वेगळा: १९३०. तिथं घरच्यांची वाट न बघता लगेच फोन लावा. प्रत्येक गटात काय सापडलं ते ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे महिनाअखेरपर्यंत द्या, पुढच्या अंकात त्यावर लिहू.