शंकर आबाजी भिसे यांचे शोध आणि आपले औजार

राहुरी, नेवासा, श्रीरामपूर भागातील वेल्डिंगच्या दुकानांत कोळप्यात वा पेरणीयंत्रात काही ना काही सुधारणा चालूच असते. अशा कल्पक शेतकरी बंधूंनी व कारागिरांनी शंकर आबाजी भिसे यांची माहिती अवश्य करून घ्यावी.

भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची लंडनच्या एका नियतकालिकाने ठेवलेली स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे छपाईचे खिळे ओतण्याचे यंत्र आणि आयोडीनयुक्त औषधही त्यांनी तयार केले. त्यांचे सुमारे २०० शोध व ४० पेटंट सांगितले जातात. क्षेत्रे वेगळी दिसली तरी तोलयंत्रात साखर मापात सोडणे आणि खिळ्याच्या यंत्रात वितळलेला धातू साच्यापुरता सोडणे, हे एकाच जातीचे काम आहे. आपल्या पेरणीयंत्राची बियाण्याची तबकडीही हेच करते! एका धंद्यातील युक्ती दुसऱ्यात नेणे ही भिसे यांची खरी हातोटी, असे आम्हास वाटते.

पेटंट मिळाले म्हणजे पैसा मिळाला असे मात्र नाही. दादाभाई नौरोजींचा पाठिंबा असूनही १९०७ साली लंडनमध्ये भांडवल उभे राहिले नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) मदत केली. भिसे नंतर अमेरिकेत गेले व १९३५ साली न्यूयॉर्कला वारले.

आता आपल्या औजाराविषयी. पेटंटसाठी वस्तू नवीन, उपयुक्त आणि त्या धंद्यातील जाणकाराला सहज न सुचणारी असावी लागते. प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी अर्ज करावा. आधी जाहीर झालेल्या वस्तूचे नवेपण सहसा संपते. औजार अपुरे असल्यास तात्पुरते विवरण देऊन तारीख राखता येते, मात्र संपूर्ण विवरण १२ महिन्यांत द्यावे लागते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते, परंतु ठराविक काळाने नूतनीकरण फी भरावी लागते. म्हणून औजाराला गिऱ्हाईक किती, याचा अंदाज आधी घ्यावा.

लागवडीच्या पद्धतीला किंवा बियाण्याला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणी २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली करता येते.