केरी-मॉरिसव्हिलला येताय? आधी आलेल्यांचं जरा ऐका

नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॉली, डरम आणि चॅपेल हिल या तीन शहरांमधल्या पट्ट्याला 'ट्रँगल' म्हणतात. 1959 साली इथे रिसर्च ट्रँगल पार्क सुरू झालं आणि औषधं, संगणक, संशोधन अशा क्षेत्रांतल्या कंपन्या येत गेल्या. त्या पार्कला लागून असलेल्या केरी आणि मॉरिसव्हिल या गावांत आज इतकी भारतीय वस्ती आहे, की संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला गेलं तर मराठी कानावर पडतंच. कोणी न्यू जर्सीहून येतं, कोणी कॅलिफोर्नियाहून, कोणी थेट पुण्याहून. बहुतेक वेळा नवरा-बायको आणि एक लहान मूल. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून इथे मुरलेल्या घरांना आम्ही विचारलं, 'तुम्ही आलात तेव्हा कोणी तुम्हाला काय सांगायला हवं होतं?'

घर, शाळा, लायसन्स याबद्दल सगळ्यांनी भरभरून सांगितलं. पण जवळजवळ प्रत्येकाचं बोलणं शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबलं. ज्याची नोकरी असते त्याचा दिवस आपोआप लागतो. घरी राहणाऱ्याचा दिवस कोणी लावून देत नाही, तो आधी लावा. बाकीचं सांगून मग त्याकडे सविस्तर येऊ.

निघण्याआधीची कागदपत्रं

एच-वन-बी व्हिसावर असाल तर सामान बांधायच्या आधी कंपनीच्या वकिलाशी बोला. कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर परिसरात जात असेल तर कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो, आणि तो तुम्ही नव्या जागी काम सुरू करण्याआधी. 'मी तर घरूनच काम करतो' असं म्हणून हे सोडून देऊ नका. घरून काम करत असाल तर तुमचं घर हेच कामाचं ठिकाण धरलं जातं. घर बदललं की नवा पत्ताही 10 दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवायचा असतो. त्यासाठी एआर-11 हा फॉर्म आहे. तो ऑनलाइन भरता येतो, पैसे पडत नाहीत, पण घरात अमेरिकेचं नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा वेगळा भरायचा, बाळ नागरिक नसेल तर त्याचासुद्धा.

गाडी चालवण्याच्या लायसन्ससाठी नव्या रहिवाशाला 60 दिवस मिळतात. अपॉइंटमेंट मात्र येण्याआधीच शोधायला लागा, कारण लवकरच्या तारखा पटकन भरतात. इथली एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना चकवते. लायसन्सचं ऑफिस वेगळं आणि गाडीच्या नंबरप्लेटचं ऑफिस वेगळं, दोन्ही वेगळ्या ठिकाणी. मूल कडेवर घेऊन एका रांगेत उभं राहायचं आणि खिडकीपाशी पोचल्यावर 'हे काम इथे होत नाही' असं ऐकायचं, हे बऱ्याच जणांच्या वाट्याला आलेलं आहे. नंबरप्लेट हवी तर गाडीचा विमा आधी नॉर्थ कॅरोलायनाचा करून घ्यावा लागतो. गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर असतो आणि तो रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासोबतच भरायचा असतो. त्यामुळे पहिलं बिल मोठं दिसलं तर घाबरू नका.

लहान मुलांच्या सीटचा नियम इथे असा आहे: 8 वर्षांखालच्या आणि 80 पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला कार सीट किंवा बूस्टर लागतोच. पाहुण्यांच्या गाडीतून दोन मिनिटांवर जायचं असलं तरी.

घर घ्यायची घाई नको

ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं, की पहिलं वर्ष भाड्याने राहा. याचं खरं कारण शाळा. इथल्या वेक काउंटीचा शाळा विभाग राज्यात सर्वांत मोठा आहे आणि त्याची रीत बाहेरून आलेल्यांना सहसा माहीत नसते. जी शाळा भरली तिला 'कॅप' लागतो. कॅप लागल्यानंतर तुम्ही त्या हद्दीत राहायला आलात तर मुलाला दुसरी, 'ओव्हरफ्लो' शाळा मिळते. घर शाळेच्या अगदी समोर असलं तरी. एका कुटुंबाने शाळेचं नाव बघून घर घेतलं, बायको रोज बाल्कनीतून त्या शाळेचं मैदान बघायची आणि लेकीला बसने दुसरीकडे पाठवायची. म्हणून घराचा पत्ता शाळा विभागाच्या संकेतस्थळावर घालून बघा, आणि शाळेला कॅप आहे का, हे स्वतः फोन करून विचारा. एजंटच्या तोंडच्या शब्दावर राहू नका.

दुसरी गोष्ट काउंटीची. केरीचा पश्चिमेकडचा काही भाग चॅटम काउंटीत जातो. पत्त्यात 'केरी' असलं तरी तिथल्या मुलांची शाळा वेकची नसते आणि घरपट्टीचा दरही वेगळा असतो.

तिसरी, आणि खिशाला सगळ्यांत जड जाणारी: 'ड्यू डिलिजन्स फी'. न्यू जर्सीत करार झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस वकिलाला तो तपासायला मिळतात. इथे तसं नाही. इथे ऑफर मान्य झाली की ठरलेली रक्कम थेट विकणाऱ्याला द्यायची. त्या बदल्यात ठरावीक मुदतीत घर तपासायचं, कर्जाचं बघायचं. मुदतीच्या आत मन बदललं तर अर्नेस्ट मनी (बयाणा) परत मिळतो, पण ही फी जाते. व्यवहार पुरा झाला तर ती किमतीतून वळती होते. घरं हातोहात जात असली की ही रक्कम फार वाढते आणि लोक घाईत मोठा आकडा लिहून बसतात. आपल्याला जेवढी गेली तरी झोप लागेल, तेवढीच लिहा. तपासणीत घराखालची क्रॉल स्पेस जरूर बघून घ्या. इथली हवा दमट, तिथे ओल धरते आणि वाळवीही लागते.

शाळेचं वेळापत्रक

31 ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण होत असतील तर मूल त्या वर्षी किंडरगार्टनला जातं. एका दिवसाने चुकलं तर सहसा पुढचं वर्ष. प्रवेशाला लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा आरोग्य तपासणीचा फॉर्म लागतो. शाळा सुरू झाल्यापासून तो द्यायला 30 दिवस असतात, पण त्या सुमारास बालरोगतज्ज्ञांकडे गर्दी असते, म्हणून आल्या आल्या वेळ घ्या. भारतातलं लसीचं पुस्तक असेल तर ते सोबतच आणा, गोदामात जाणाऱ्या खोक्यात नको. डॉक्टर निवडताना ड्यूक, यूएनसी आणि वेकमेड या रुग्णालय-समूहांपैकी तुमच्या विम्यात कोण बसतं, ते आधी बघा.

वेकमध्ये नेहमीच्या शाळांबरोबर 'इअर-राउंड' शाळाही आहेत. मुलं चार ट्रॅकमध्ये वाटलेली असतात. साधारण नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, असं वर्षभर चालतं, आणि वर्ष जुलैत सुरू होतं. दोघेही नोकरी करत असाल तर दर तीन आठवड्यांच्या सुट्टीला कॅम्प शोधावा लागतो आणि तो खर्च वर्षाच्या हिशोबात आधीच धरावा. पण भारतात जाणाऱ्यांच्या हे पथ्यावरही पडतं. ट्रॅक जुळला तर गर्दी नसताना, जूनचे आणि डिसेंबरचे चढे दर टाळून, पोरांना आजीकडे नेता येतं. इथल्या जुन्या घरांमध्ये यावर दोन तट आहेत. आमचं मत विचाराल तर घरी एकजण असेल त्यांना इअर-राउंड उत्तम, दोघेही ऑफिसात असतील त्यांनी नेहमीची शाळा मागून बघावी.

डे-केअरला राज्य तारे देतं, पाचपर्यंत. तारे बघाच, पण सकाळी अकराच्या सुमारास स्वतः जाऊन बसा आणि मुलं रडली तर त्यांच्याशी कोण कसं बोलतं ते बघा. चांगल्या ठिकाणी वेटिंग असतं, नाव लवकर घाला.

घरी राहणाऱ्याचा दिवस

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. एका ताईंनी सांगितलेला त्यांचा पहिला हिवाळा असा होता: साडेआठला नवरा गाडी घेऊन जायचा. दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, तीन वर्षांचा मुलगा, खाली पार्किंग आणि पलीकडे मोठा रस्ता. दहापर्यंत वरण-भात, कपडे, सगळं उरकलेलं. मग मुलगा खिडकीपाशी उभा राहून कचऱ्याच्या गाडीची वाट बघायचा, कारण दिवसभरात तेवढंच माणूस दिसायचं. आईला फोन करावा तर तिकडे रात्र झालेली. नवरा संध्याकाळी थकून आला की या बोलत सुटायच्या आणि तो 'जरा दहा मिनिटं' म्हणायचा. दोघांची चूक नव्हती, पण त्यावरून भांडणं झाली. त्या आज स्वतः नोकरी करतात आणि तो हिवाळा आठवला की अजून गप्प होतात.

हे टाळता येतं. पहिली गोष्ट, दुसरी गाडी. इथे बस आहे, पण सगळीकडे जात नाही. एकाच गाडीवर भागवून पैसे वाचवायचे असतील तर ते नंतर कधीतरी वाचवा. घरी राहणाऱ्याचं लायसन्स नोकरी करणाऱ्याच्या बरोबरीनेच काढा, 'होईल सावकाश' नको. तोवर मॉरिसव्हिलमध्ये राहत असाल तर गावाची मोफत स्मार्ट शटल आहे, ठरलेल्या थांब्यांवरून बोलावता येते. अपार्टमेंट बघतानाच पायी वाचनालय, बाग किंवा ग्रीनवे गाठता येतो का, ते बघा. तेवढ्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी द्या.

दुसरी, वाचनालय. वेक काउंटीच्या वाचनालयाचं कार्ड रहिवाशांना फुकट मिळतं आणि लहान मुलांसाठी गोष्टींचे तास होतात. तिथे दर आठवड्याला त्याच आया, तेच बाबा दिसतात. ओळख व्हायला तेवढं पुरतं. रॉलीचं नैसर्गिक विज्ञान संग्रहालय फुकट आहे, डायनासोरसाठी मुलं परत परत जातात. पुलेन पार्कात छोटी आगगाडी आहे. केरीच्या बाँड पार्कात तळं आहे, होड्या आहेत.

तिसरी गोष्ट नवऱ्यांसाठी, किंवा जो कोणी नोकरी करतो त्याच्यासाठी. आठवड्यातली एक संध्याकाळ मूल पूर्ण तुमच्याकडे आणि जोडीदार घराबाहेर, हे पहिल्या महिन्यापासून ठरवा. एच-फोर व्हिसावर ज्यांना काम करता येत नव्हतं त्यांनी तो काळ लायसन्स, एखादा अभ्यासक्रम, मराठी शाळेत शिकवणं यांत घालवला, असं अनेक घरांत दिसलं. ज्यांनी काही धरलं नाही त्यांना तो काळ जास्त जड गेला.

हवा, खाणं आणि थोडं इकडचं तिकडचं

मार्चअखेरीपासून पाइनचा पिवळा परागकण गाडीवर, ओट्यावर, सगळीकडे बसतो. तेव्हा खिडक्या बंद ठेवा आणि ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. समुद्र दोन तासांवर असला तरी 1996 च्या फ्रान वादळाने रॉलीपर्यंत झाडं पाडली होती. म्हणून घरावर झुकलेला उंच पाइन असेल तर भाड्याच्या घरातही मालकाला विचारा. बॅटरी, पाणी, चार दिवसांचं कोरडं खाणं असू द्या. बर्फ थोडाच पडतो, पण रस्त्यावर पातळ बर्फ धरतो आणि शाळा बंद होतात. न्यू जर्सीत बर्फात गाडी चालवलीय म्हणून त्या दिवशी बाहेर पडू नका.

किराण्याची काळजी नाही. पोहे, साबुदाणा, भाजणी, कढीपत्ता, सगळं मिळतं. मासे खाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: इथल्या किनाऱ्यावर मिळणारं स्पॅनिश मॅकरेल सुरमईच्याच कुळातलं आहे, तिरफळ घातलेल्या आमटीत छान लागतं. केरीत व्यंकटेश्वराचं मंदिर आहे, त्याचं 87 फुटी गोपुर 2022 मध्ये उभं राहिलं. मॉरिसव्हिलला हिंदू भवन आहे आणि चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, त्यामुळे क्रिकेटवेड्या बाबांचीही सोय आहे.

मराठी मंडळाचा गणपती, दिवाळी यांना याच, पण खरी ओळख हजार माणसांच्या हॉलमध्ये होत नाही. ती रविवारच्या मराठी शाळेत होते. मुलं वर्गात बाराखडी गिरवतात आणि आई-बाबा बाहेर बसून डॉक्टर, डे-केअर, प्लंबर यांचे पत्ते एकमेकांना देतात. मूल लहान असलं, वर्गात बसवण्याएवढं नसलं, तरी तिथे या.

येण्याची तारीख ठरली की आम्हाला कळवा. त्यात कंपनीचं नाव लिहिलं नाही तरी चालेल. मुलांची वयं लिहा, घरी दिवसभर कोण असणार ते लिहा, आणि कुठल्या भागात उतरताय ते लिहा. त्यावरून जवळचं, त्याच वयाची मुलं असलेलं घर आम्ही शोधून ठेवतो आणि पहिल्या आठवड्याचा डबा त्याच घरून येतो.