नववीतल्या मुलाने वजन उचलावे का?

प्रश्न : मुलगा नववीत आहे, कबड्डी खेळतो. जिमला पाठवू का? घरचे म्हणतात, उंची खुंटेल.
– एक पालक, गेवराई

उत्तर : जाणत्या प्रशिक्षकासमोर, बेताने वजन उचलले तर उंची खुंटत नाही. धोका आहे तो ‘किती उचलतोस बघू’ या पैजेत. आधी दंड, बैठका, दोरीउड्या, एक दिवसाआड. पंधरा बैठका पाठ न वाकवता जमल्या की हलके वजन द्या. गुडघ्याच्या वाटीखाली दुखले तर उड्या बंद, डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात असे होते. घाई कशाला? आपल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धेत धावू लागला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य जिंकला. पावडरचे डबेही नकोत. अंडी, उसळ, शेंगदाणे द्या.