'ट्रेमर्स': न दिसणारा राक्षस

रूममध्ये दहा जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसून 'ट्रेमर्स' बघा. किंचाळी आणि हशा एकदमच निघतात! असं का होतं?

रॉन अंडरवुडच्या या १९९० च्या सिनेमात नेवाडाच्या वाळवंटातल्या एका चिमुकल्या गावाला जमिनीखालचे अजस्र किडे गिळायला निघतात. त्यांना डोळे नाहीत, शिकार कळते ती जमिनीच्या व्हायब्रेशन्सवरून. बस्स, नियम एवढाच. पण तो कळला की साधं चालणंही जीवघेणं होतं. कानाला हेडफोन लावून पोगो स्टिकवर टुणटुण उड्या मारणारी ती पोरगी आठवा. खेळ तोच, पण आपल्या पोटात गोळा येतो. आणि हसूही! धडधाकट बाप्ये खडकावर अडकून बसतात, तेव्हाही तेच.

बजेट हॉलिवूडच्या मानाने बेताचं. त्यामुळे किडा बराच वेळ दिसतच नाही. दिसते ती फुगत येणारी माती, उचकटणाऱ्या फळ्या. उरलेला राक्षस आपणच बनवतो, तोही फुकटात. (आमच्या प्रोजेक्टला ही अक्कल आधी सुचती तर!)

थिएटरात बेताचाच चाललेला हा सिनेमा पुढे व्हिडिओवर गाजला. एक किडा भरधाव येऊन काँक्रीटच्या भिंतीवर आपटून मरतो, तिथे आमच्या रूममधल्या सिव्हिलवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.