एक स्पीकर-जोडी, दोन ध्वनिवर्धक

जुने ते सोने म्हणावे, तर नव्याची सोय सोडवत नाही. जळगाव-धुळ्याकडील एखाद्या घरात आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक अजून जपलेला असतो आणि शेजारीच नातवाचा ट्रान्झिस्टरचा. चांगल्या स्पीकरांची जोडी मात्र एकच. मग दोन्हींच्या तारा एकदम त्याच स्पीकरांना जोडल्या तर काय बिघडले, असा प्रश्न आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही पडावा. उत्तर असे की, बिघडते आणि चांगलेच बिघडते. का, ते पाहू या.

१९०६ साली ली द फॉरेस्ट यांनी फ्लेमिंग यांच्या निर्वात नलिकेत तिसरे टोक बसवले आणि क्षीण ध्वनिसंकेत मोठा करण्याची वाट सापडली. पुढे १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. दोघांचे काम एक, पण स्वभाव अगदी उलट.

व्हॉल्व्ह कित्येकशे व्होल्ट दाबावर, पण थोड्या प्रवाहावर काम करतो. स्पीकरला दाब कमी आणि प्रवाह जास्त लागतो. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. हा ध्वनिवर्धक चालू असताना स्पीकर काढला, तर शक्तीला जायला वाट उरत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो, वेटोळ्यांचे आवरण फुटते आणि जुने यंत्र कायमचे मुके होऊ शकते. ट्रान्झिस्टरच्या ध्वनिवर्धकाला स्पीकर नसल्याचे सहसा काही वाटत नाही. त्याला भीती असते ती दोन तारा एकमेकींना चिकटण्याची. थोडक्यात, एकाला रिकामेपण सोसत नाही, दुसऱ्याला शॉर्ट सोसत नाही.

आता दोघांना एकत्र जोडा. ट्रान्झिस्टरच्या ध्वनिवर्धकाचा अंतर्गत रोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. व्हॉल्व्हच्या बाजूने पाहता तो जवळजवळ शॉर्टच. उलट बाजूने ट्रान्झिस्टरपुढे येते ते ट्रान्सफॉर्मरचे जाड तारेचे वेटोळे. दोघेही स्पीकरऐवजी एकमेकांशीच झुंजतात.

यावर उपाय आपल्या मातीतच सापडतो. पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी एक, शेते अनेक. पाटकरी पाळीपाळीने पाणी देतो. येथे पाटकऱ्याचे काम दुमार्गी स्विच करतो. प्रत्येक स्पीकरसाठी तीन पोलांचा स्विच घ्यावा. दोन पोलांनी स्पीकरच्या दोन्ही तारा बदलाव्या. एकच तार बदलून दुसरी सामाईक ठेवू नये, कारण काही ट्रान्झिस्टर ध्वनिवर्धकांत काळी तारही जमिनीशी जोडलेली नसते. तिसऱ्या पोलाने, स्पीकर ट्रान्झिस्टरकडे गेला की व्हॉल्व्हच्या टोकांवर तारेचा रोधक चढवावा. आठ ओहमच्या टोकांवर दहा वॅट देणाऱ्या यंत्राला आठ ओहमचा, निदान वीस वॅटचा रोधक पुरे. तो तापतो, तेव्हा कापड व लाकूड दूर ठेवावे.

स्विच असा हवा की तो आधीची जोडणी तोडूनच नवी जोडेल. पण तोडणे आणि जोडणे यांमध्ये क्षणभर व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक रिकामा राहतोच. म्हणून आवाज शून्यावर आणल्याखेरीज स्विच फिरवू नये. यंत्र बंद करून फिरवला तर अधिक उत्तम. स्पीकर आठ ओहमचा असेल, तर व्हॉल्व्हच्या ४, ८, १६ या टोकांपैकी ८ चेच टोक निवडावे. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात व्हॉल्व्हभोवती हवा खेळती ठेवावी. आणि पेटी उघडण्याचा मोह आवरावा. वीज बंद केल्यावरही आतील कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब काही काळ टिकतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचे.

एवढी काळजी घेतली, की खरी मौज सुरू होते. तीच तबकडी, तेच स्पीकर, तीच खोली. बदलतो तो फक्त ध्वनिवर्धक. मात्र दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला गोड वाटतो. जुने श्रेष्ठ की नवे, हा वाद आपण वर्गात पुष्कळ घालतो. दोघांना समान संधी देऊन ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढे हा छोटा स्विच आपल्याला शिकवतो.